साडेबारा इंचांचा चौकोन

माझ्या शिवणाच्या टेबलावर कायम दोन कामं चालू असतात. एक माझं स्वतःचं सॅम्पलर क्विल्ट. क्विल्ट म्हणजे तुकडे जोडून केलेली इथली गोधडी, आणि सॅम्पलर म्हणजे ज्यातला प्रत्येक चौकोन वेगळ्या नमुन्याचा असतो असं. दुसरं आमच्या गटाचं. दर महिन्याला गटातल्या कुणा एकीसाठी बाकीच्या सगळ्यांनी एकेक चौकोन शिवून द्यायचा. हा चौकोन, इथल्या बायकांच्या बोलण्यातला ब्लॉक, शिवून झाल्यावर साडेबारा इंच भरायला हवा आणि क्विल्टमध्ये जोडल्यावर बारा इंच दिसायला हवा. मधला अर्धा इंच मायेत, म्हणजे शिलाईपलीकडे आत दुमडल्या जाणाऱ्या कडेत, जातो, प्रत्येक कडेला पाव इंच. या पाव इंचाबद्दल मला पुष्कळ बोलायचं आहे.

आम्ही राहतो पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टर परगण्यापासून जवळच. हा आमिश लोकांचा, म्हणजे जुन्या साध्या चालीरीतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा, मुलूख. त्यांची जुनी क्विल्ट एकरंगी लोकरी कापडाची, गडद जांभळी, हिरवी, किरमिजी, मधे एकच मोठा तिरपा चौकोन. ती पाहूनच मी या कामाकडे ओढली गेले. सुती कापडाची चांगली दुकानं आसपास आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक गावात क्विल्ट करणाऱ्यांचा एखादा गट असतोच. आमचाही असाच, एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमणारा.

गोधडी मी लहानपणापासून बघत आले होते. आईचं माहेर सोलापूरचं. तिथे उन्हाळ्यात अंगणात जुनी लुगडी आणि धोतरं अंथरायची, चार कडांना चार बायका बसायच्या आणि धावदोरा घालत घालत आत आत सरकायच्या. विरलेल्या जागी ठिगळ, फाटलेल्या जागी दुहेरी कापड. माप हवं ते अंथरुणाच्या लांबी-रुंदीपुरतं. इथे सगळं काम उलट्या टोकानं सुरू होतं. आधी वरचा थर लहान तुकडे जोडून काटेकोर तयार करायचा, मग खाली कापसाची लादी आणि अस्तर घालायचं, आणि तीन थर एकत्र शिवणं सगळ्यात शेवटी. माझा हात टाक्याला सरावलेला होता. डोळ्यांना मात्र माप नव्यानं शिकावं लागलं.

सॅम्पलर हे त्या शिकण्यासाठीच असतं. एका चौकोनात नुसते चौरस, पुढच्यात त्रिकोण, मग वळणदार तुकडे, मग कापडावर कापड शिवून केलेली फुलं. बहुतेक सॅम्पलर बारा इंची का असतात हे मला वही-पेन्सिल घेऊन बसल्यावर उमगलं. बाराला तीननं भागा, चार इंचांची नऊ घरं मिळतात. त्यात ओहायो स्टार बसतो, चर्न डॅश बसतो. चारनं भागा, तीन इंचांची सोळा घरं मिळतात. त्यात सॉटूथ स्टार बसतो. दोननं भागा, पिनव्हील. पण बेअर्स पॉ नावाचा अस्वलाच्या पंजाचा सुरेख नमुना आहे, त्याला आडवी सात आणि उभी सात घरं लागतात. बाराला सातनं भाग जात नाही. म्हणून तो साडेदहा किंवा चौदा इंचांचा करतात. माझ्या सॅम्पलरमध्ये मी तो साडेदहाचा केला आणि भोवती पट्टी लावून बारावर आणला. ती पट्टी गडद निळी घेतल्यामुळे पंजा चौकटीत बसवल्यासारखा उठून दिसतो.

सॉटूथ स्टार जरा सविस्तर सांगते, कारण या कामातलं बहुतेक सगळं त्यात येतं. मधे सहा इंचांचा चौरस, चार कोपऱ्यांना तीन इंचांचे चार लहान चौरस, आणि चार बाजूंना चार फ्लाइंग गीझ, म्हणजे एका मोठ्या त्रिकोणाच्या दोन्ही अंगांना दोन लहान त्रिकोण असलेले आयत. त्रिकोण एकेक कापून जोडायला गेलं तर कापड ताणलं जातं, कारण त्रिकोणाची एखादी तरी बाजू उरेब, म्हणजे विणीला तिरपी, येते. म्हणून युक्ती अशी: ताऱ्याच्या मागच्या जमिनीच्या रंगाचा सव्वासात इंचांचा एक चौरस घ्यायचा आणि ताऱ्याच्या रंगाचे चार लहान चौरस, प्रत्येकी एक सूत कमी चार इंचांचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन लहान चौरस मोठ्यावर समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवायचे, मधे ते थोडे एकमेकांवर येतात. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीनं रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर शिलाई घालायची आणि मग रेघेवर कापायचं. दोन तुकडे सुटतात. त्यांवर उरलेले दोन लहान चौरस ठेवून तेच पुन्हा करायचं. शेवटी चार आयत हातात येतात, चिंधीसुद्धा वाया जात नाही, आणि उरेब कड शिलाईच्या आधी मोकळी राहतच नाही. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी ते चार तुकडे टेबलावर ओळीनं मांडून कितीतरी वेळ बघत बसले होते.

ताऱ्याचं टोक नीट आलं आहे की नाही ते उलट्या बाजूला कळतं. त्या टोकापाशी शिलायांची फुली दिसते. पुढचा तुकडा जोडताना मशीनची सुई त्या फुलीच्या मध्यातून, किंबहुना तिच्या एक धागा वरून, गेली पाहिजे. खालून गेली की टोक कापलं जातं. पाव इंच म्हणतात तोही शिवताना पाव इंचाहून धाग्याएवढा कमी घ्यायचा, कारण कापड दुमडताना दोऱ्याची जाडी आणि घडी थोडी जागा खातात. आपलं मशीन बरोबर शिवतं का हे पाहायची सोपी परीक्षा आहे. दीड दीड इंचाच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडायच्या, इस्त्री करायची आणि मधली पट्टी मोजायची. ती नेमकी एक इंच भरली तर ठीक. नाही तर सुईची जागा सरकवायची. नवा दोरा किंवा नवं कापड घेतलं की मी ही परीक्षा घेतेच.

इस्त्रीलाही शिस्त लागते. ती फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची. फिरवली की उरेब कड लांबते आणि चौकोन पतंगासारखा तिरका होतो. माया गडद कापडाच्या बाजूला दुमडायची, म्हणजे फिक्या कापडाखालून ती दिसत नाही. शेजारच्या दोन ओळींतल्या माया उलटसुलट दिशांना दाबल्या की जोडताना त्या एकमेकींत खाचेत बसल्यासारख्या बसतात. बोटांना तो बारीक खटका कळतो. मग टाचणीसुद्धा नको वाटते, पण मी लावते.

सॅम्पलर सावकाश चालतं आणि तेच मला आवडतं. एक चौकोन एका शनिवार-रविवारात होतो, दर वेळी काहीतरी पुरं झाल्याचं समाधान मिळतं, आणि क्विल्ट मात्र चालूच राहतं. रंगांची एक अडचण येते. चौकोन महिन्या-महिन्याच्या अंतरानं होत जातात, आणि आपली आवड तितक्यात बदलते. म्हणून मी सुरुवातीलाच एक फिकं कापड ठरवून मोठा तागा घेऊन ठेवला. प्रत्येक चौकोनात ते थोडं तरी येतं. बाकीचे रंग मनाला येतील तसे.

व्हर्माँटमधल्या बेनिंग्टनच्या संग्रहालयात एक सॅम्पलर आहे, ते मी पाहून आले. जेन स्टिकल या बाईनं अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात केलेलं. प्रकाशानं कापड खराब होऊ नये म्हणून ते दरवर्षी शरदात थोडे आठवडेच बाहेर काढतात. मधे तेरा ओळी, ओळीत तेरा, असे १६९ चौकोन, प्रत्येक जेमतेम साडेचार इंचांचा, प्रत्येकाचा नमुना वेगळा, आणि कडेनं त्रिकोणांची रांग. कोपऱ्यात तिनं नोंद करून ठेवली आहे: युद्धकाळात, १८६३, तुकडे ५६०२, आणि स्वतःचं नाव. काचेपलीकडच्या त्या रंगांकडे बघताना माझ्या लक्षात आलं की एवढ्या लहान चौकोनातही टोकं जागच्या जागी आहेत. जिला पाच हजारांवर तुकडे मोजून त्यांचा आकडा लिहून ठेवावासा वाटला, त्या बाईबद्दल मला फार आदर वाटतो.

पुढे १९२८ पासून १९६१ पर्यंत ‘कॅन्सस सिटी स्टार’ वृत्तपत्र क्विल्टच्या चौकोनांचे नमुने छापत असे. शेतावरच्या बायका ते कापून जपून ठेवायच्या आणि स्वतःचे नमुने वृत्तपत्राकडे पाठवायच्या. त्यांतले कित्येक आम्ही आजही शिवतो.

आता गटाचं काम. त्याचे प्रकार आहेत. एकात प्रत्येकीनं सांगितलेल्या रंगात एकच नमुना शिवून आणायचा आणि चिठ्ठी निघेल तिला सगळे चौकोन द्यायचे. दुसऱ्यात पाळी असते. जिची पाळी ती कापड आणि नमुना बाकीच्यांना पाठवते आणि महिनाअखेर सगळ्यांकडून एकेक चौकोन तिच्याकडे जातो. तिसरा प्रकार सह्यांच्या चौकोनांचा. मधे पांढरी पट्टी ठेवायची, मागून मेणकागद इस्त्रीनं चिकटवून कापड ताठ करायचं आणि न पुसणाऱ्या शाईनं नाव लिहायचं. १८४०-५० च्या दशकांत इथे पूर्वेकडे या सह्यांच्या क्विल्टची मोठी लाट होती. बाल्टिमोरची त्या काळातली अल्बम क्विल्ट तर दोन्ही अर्थांनी माझ्या जिव्हाळ्याची, कारण त्यांतला प्रत्येक चौकोन वेगळा आणि बऱ्याच चौकोनांवर वेगवेगळ्या माणसांची नावं.

स्वतःच्या सॅम्पलरमध्ये एखादा चौकोन सव्वाबारा भरला तर तो माझा मला सांभाळून घेता येतो. गटात माझा चौकोन परक्या हातानं शिवलेल्या चौकोनाशेजारी बसायचा असतो. तिथे नमुना, रंग, टाका यांत हवं तेवढं स्वातंत्र्य घ्यावं. माप मात्र दुसऱ्याच्या हातात द्यायचं असतं. या दृष्टीनं मला नेहमी एड्स मेमोरियल क्विल्टची आठवण येते. एड्सनं गेलेल्या माणसांसाठी त्यांच्या जवळच्यांनी प्रत्येकी तीन फूट बाय सहा फुटांचं कापड सजवायचं. आठ कापडं जोडली की बारा फुटांचा एक चौकोन होतो. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोकळ्या मैदानावर ते पहिल्यांदा अंथरलं तेव्हा त्यात १९२० कापडं होती. कुणी शर्ट शिवला, कुणी पत्र, कुणी खेळणं. माप एकच असल्यामुळे एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांचं दुःख शेजारी शेजारी बसू शकलं.

आमच्या गटानं जवळच्या एका रुग्णालयातल्या लहान मुलांसाठी क्विल्ट करायला घेतली, तेव्हा चौकोन जमा झाले ते सव्वाबारापासून पावणेतेरापर्यंत. असं होतंच, प्रत्येकीचं मशीन वेगळं आणि हात वेगळा. गटातल्या सर्वांत वडील बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. इथे सगळ्या एकमेकींना नावानंच हाक मारतात. माझी जीभ मात्र रेटत नाही, मी त्यांच्याशी नाव न घेता बोलते. त्यांनी सगळे चौकोन टेबलावर पसरले, एकही परत पाठवला नाही, एकीलाही काही ऐकवलं नाही. फरक सुताभराचा असेल तिथे त्यांनी मोठा तुकडा खाली आणि लहान वर ठेवून शिवायला सांगितलं. मशीनचे दाते खालचा थर जरा जास्त ओढून घेतात, त्यामुळे जास्तीचं कापड चुणी न पडता त्यात जिरतं. जास्त फरक होता त्या क्विल्टसाठी त्यांनी प्रत्येक चौकोनाभोवती एकाच पिवळ्या कापडाची रुंद पट्टी लावली आणि मग सगळे चौदा इंचांवर कापले. कुणाची पट्टी थोडी जाड राहिली, कुणाची बारीक, पण सलग पिवळ्या रंगात तो फरक नजरेत येत नाही. मी त्यांच्याशेजारी बसून कापत होते. एवढ्या शांतपणे दुसऱ्याचं काम आपल्या कामात सामावून घेणारं माणूस मी क्वचित पाहिलं आहे.

मग माझी पाळी आली. आईनं तोवर फोनवर दोनदा विचारलं होतं, “माझ्या इरकली पडल्यात गं कपाटात, नेसून नेसून मऊ झाल्यात. मला कातरी लावायला जीव होत नाही. तूच कर त्यांचं काहीतरी.” कुणी इकडे येणारं भेटल्यावर तिनं साड्या पाठवल्या. हिरवी, निळी, डाळिंबी, गोमी काठाच्या, आणि सोबत दोन फिकट वायली.

नमुना मी लॉग केबिन घेतला. मधे एक चौरस आणि त्याच्या भोवती एकापुढे एक पट्ट्या, अर्ध्या फिक्या, अर्ध्या गडद, तिरप्या रेषेनं विभागलेल्या. मधला चौरस इथे परंपरेनं लाल असतो, घरातल्या चुलीचा. इरकलीचा पदर लालच. तेवढ्यासाठीच जणू राखून ठेवल्यासारखा तो हाताशी होता.

पण लॉग केबिनमध्ये माप फार चटकन बिघडतं. मधला चौरस दोन इंच आणि प्रत्येक बाजूला एकेक इंचाच्या पाच पट्ट्या असा बारा इंचांचा हिशेब. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दहा शिलाया पडतात. प्रत्येक शिलाई अर्धं सूत आत गेली तर दोन्ही तुकड्यांतून मिळून एकेक सूत जातं, दहा शिलायांत दहा सूत, म्हणजे सव्वा इंच. साडेबाराचा चौकोन सव्वाअकरावर येतो. त्यात जुनी साडी, नरम, सरकणारी, कडेनं धागे सुटणारी. गटातल्या बायकांनी असलं कापड कधी हाताळलेलं नव्हतं.

म्हणून मी मलमलचा पाया करायचं ठरवलं. मलमल आधी धुऊन घेतली, तिचे साडेतेरा इंचांचे चौकोन कापले, आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं सगळ्या शिलायांच्या रेघा आखल्या. साडीची पट्टी मलमलच्या पुढच्या बाजूला ठेवायची, पालथं घालून मागच्या रेघेवर शिवायचं, पुन्हा सुलट करून पट्टी उलगडायची आणि दाबायची. रेघ ठरलेली, त्यामुळे कुणाची माया जाड झाली तरी चौकोन तेवढाच राहतो, आणि विरलेल्या साडीला पाठीमागून कायमचा आधार मिळतो. साड्यांना कापण्याआधी स्टार्च मारून कडक इस्त्री केली. पट्ट्या दीड इंचाऐवजी पावणेदोन इंच रुंद घेतल्या, सुटणाऱ्या धाग्यांना वाव म्हणून. पदराच्या लाल चौरसांना मागून पातळ चिकट अस्तर लावलं, कारण ते रेशीम बोटातून निसटतं. प्रत्येक पाकिटात हे सगळं आणि हातानं काढलेली एक आकृती घातली. काठ कुठे वापरायचा ते मुद्दामच लिहिलं नाही.

चौकोन परत आले तेव्हा मी त्या काठांकडेच आधी बघितलं. एकीनं काठ सगळ्यात बाहेरच्या पट्टीला लावला, चौकटीसारखा. एकीनं तो लाल चौरसाला लागून घेतला. वडील बाईंनी काठाचे दोन तुकडे कोपऱ्यात असे जुळवले होते की नक्षी एका पट्टीतून वळून दुसरीत जाते. त्यासाठी त्यांनी किती वेळ दिला असेल हे ज्यानं कधी नक्षी जुळवली आहे त्यालाच कळेल. माझे स्वतःचे धरून सोळा चौकोन झाले, चार ओळी, ओळीत चार. पायामुळे मापात सुताहून जास्त फरक कुठेच निघाला नाही.

ते मांडायचे कसे यावर गटात बराच खल झाला. लॉग केबिनचे फिके-गडद अर्धे फिरवून फिरवून किती तरी रचना होतात. शेवटी बार्न रेझिंग ठरली, मध्यातून बाहेर फाकत जाणारे चौकटच्या आकाराचे फिके आणि गडद पट्टे. सगळ्या गावानं मिळून एखाद्याचं धान्याचं कोठार उभारायचं, ही आमच्या शेजारच्या आमिशांची आजही चालू असलेली रीत. तिच्यावरून या रचनेचं नाव पडलं आहे, म्हणून इथल्या बायकांना तीच हवी होती. मला ती रंगांसाठी हवी होती. डाळिंबी साडी मध्यावर आली आणि निळी कडेला गेली.

आता वरचा थर जोडून झाला आहे आणि तीन थर एकत्र शिवायचे आहेत. यावर आमचं एकमत व्हायला वेळ लागला. इथली पद्धत मध्यापासून बाहेर शिवत जाण्याची, म्हणजे हवा आणि चुण्या कडेकडे सरकतात. टाका बारीक, इंचाला आठ-दहा दिसतील असा. माझ्या मनात सोलापूरची पद्धत, कडेनं सुरू करून आत येण्याची, जाड दोऱ्याच्या लांब धावदोऱ्यानं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे तीच रीत आहे, आणि कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकाही कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, तशीच शिवतात, कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं आत. त्यांच्या पूर्वजांतले बरेच जण गोव्याच्या बाजूनं तिकडे गेलेले. वडील बाईंचा प्रश्न रास्त होता: मधे कापड फुगलं तर? फुगू नये म्हणून आम्ही तिन्ही थर जमिनीवर ताणून चार चार बोटांच्या अंतरावर कच्चे टाके घातले, उभे आणि आडवे, सगळ्या अंगभर. मगच कडेनं शिवायला बसलो. लाल दोरा, आठ नंबरचा जाड सुती, आणि टाका गव्हाच्या दाण्याएवढा.

वाचनालयाच्या खोलीतलं लांब टेबल भिंतीपासून ओढून घेतलं की चारही बाजूंना बसता येतं. पहिला फेरा पुरा झाला आहे, दुसरा अर्ध्यावर आहे. कोपरा वळताना प्रत्येकीची पद्धत वेगळी पडते, कुणी दोरा कापून नवा घेते, कुणी थरांमधून सुई सरकवून पुढे काढते. मी म्हटलं, दोन्ही चालेल, फक्त दोन फेऱ्यांमधलं अंतर बोटाएवढं ठेवा. पुढच्या महिन्याचं पाकीटही येऊन पडलं आहे. निळ्या-पिवळ्यातला ओहायो स्टार हवाय, त्याच्या त्रिकोणांसाठी सव्वापाच इंचांचे चौरस कापायचे आहेत, आणि निळं कापड जरा सैल विणीचं आहे म्हणून मी त्याला आजच स्टार्च मारून ठेवलाय.